सत्तावीस आवर्तनं आणि चुकीचा माईक

आसनगावात बिग बँड जॅझ मन लावून ऐकणारी दोनच माणसं माझ्या माहितीत आहेत, आणि त्या दोघांचं पटत नाही. नात्यानं ते मामा-भाची. मामा रेल्वेतून निवृत्त झालेत. तरुणपणी वडिलांच्या हाताखाली शहापूर-मुरबाडकडच्या लग्नांत ब्रास बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. भाची रोज सकाळची लोकल धरून मुंबईला जाते, एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करते. लाइव्ह कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग हे खरं संगीत की नुसता पुरावा, यावरून दोघांची सारखी जुंपते. मी शेजारी. त्यांच्या बोलण्यातलं जे मला मोलाचं वाटलं ते इथं उतरवतोय. मध्येमध्ये मीही बोलणार आहे, कारण या विषयात मला गप्प बसवत नाही.

भांडणाचं मूळ असलेली रेकॉर्ड ड्यूक एलिंग्टन यांच्या ऑर्केस्ट्राची. ७ जुलै १९५६ ची रात्र, अमेरिकेतलं न्यूपोर्ट गाव, तिथला जॅझ महोत्सव. तोवर मोठे बँड मोडकळीला आले होते. पंधरा-सोळा वादकांचा ताफा गावोगाव फिरवणं कुणाला परवडत नव्हतं. एलिंग्टन यांनी आपला बँड कसाबसा टिकवून धरला होता, पण त्यांचा काळ सरला असं लोक बोलू लागले होते. त्या रात्री त्यांची मुख्य पाळी आली तेव्हा बारा वाजत आले होते आणि काही श्रोते घरची वाट धरत होते. एलिंग्टन यांनी १९३७ साली बांधलेली ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’ ही दोन भागांची रचना काढली. दोन भागांच्या मधली जागा टेनर सॅक्सोफोनवाल्या पॉल गोन्साल्विस यांना दिली आणि हवं तितकं वाजव म्हणून सांगितलं. गोन्साल्विस यांनी २७ आवर्तनं वाजवली. ब्लूजचं एक आवर्तन १२ बारांचं, म्हणजे ४८ मात्रांचं. तसली २७, एका दमात, सहा मिनिटांहून जास्त. खाली फक्त पियानो, बास आणि ड्रम. बाकीचा सगळा बँड हातातली वाद्यं खाली घेऊन ऐकत बसला होता.

मामांनी ही रेकॉर्ड पुन्हा लावली आणि बोट वर केलं.

मामा : आता हे ऐक. पहिली चार-पाच आवर्तनं लोक शांत आहेत. हा आत्ता एक ओरडला. आता मागून दहा-बारा जण. ती काळ्या कपड्यातली बाई उठून नाचायला लागली ती साधारण इथंच. काउंट बेसीच्या बँडमध्ये नाव कमावलेला जो जोन्स स्टेजच्या कडेला बसून वर्तमानपत्राच्या सुरळीनं ठेका धरतोय. आणि आता बघ, सॅक्सोफोनवाला लोकांना वाजवून दाखवतोय की लोक त्याच्याकडून वाजवून घेतायत, सांग.

भाची : दोन्ही. ते मी नाकारतच नाही, मामा. पण सॅक्सोफोन कुठाय? तुम्ही ज्याच्यासाठी जीव टाकताय तोच माणूस या रेकॉर्डवर सगळ्यात लांब ऐकू येतो. ड्रम पुढे, लोक पुढे, आणि गोन्साल्विस जणू आटगाव स्टेशनाच्या पलीकडून वाजवतोय.

मामा : मैफलीत असं व्हायचंच.

भाची : झालं कशामुळे ते सांगते. स्टेजवर दोन माईक होते. एक कोलंबिया कंपनीचा, रेकॉर्ड काढायला. दुसरा ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ रेडिओचा. गोन्साल्विस भलत्याच माईकपुढे उभा राहून वाजवत राहिला, रेडिओच्या. जॅझच्या इतिहासातलं इतकं मोठं सोलो, आणि कंपनीच्या टेपवर त्याची नुसती सावली आली. यात वादकाचा दोष नाही. तिथं माझ्यासारखं कुणीतरी जागेवर हवं होतं.

इथं मला एक सांगावंसं वाटतं. लाइव्ह रेकॉर्डिंगचं गुणगान गाणारे बहुतेक लोक ही माईकची गोष्ट गंमत म्हणून सांगतात. ती गंमत नाही. सोळा वादकांच्या बँडमध्ये प्रत्येकाची ओळ वेगळी लिहिलेली असते. पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, तीन-चार ट्रॉम्बोन, खाली पियानो, गिटार, बास, ड्रम. तिसऱ्या ट्रम्पेटला दिलेला सूर काढून घेतला तर सामान्य श्रोत्याला काय गेलं ते सांगता येणार नाही, पण सगळ्या बँडचा रंग उतरेल. तो सूर लिहायला कुणीतरी रात्र जागवलेली असते. एलिंग्टन यांच्या बाबतीत त्या जागणाऱ्यांत बिली स्ट्रेहॉर्न होते. माईक चुकला की लिहिणाऱ्याची ती मेहनत वाया जाते. भाचीच्या बाजूनं हा मुद्दा मला पक्का वाटतो.

मामांनी मात्र माघार घेतली नाही.

मामा : तू सूर मोजतेस. मी वरातीत वाढलेला माणूस आहे. आमचे बाबा बँडमास्तर होते. नवरदेवाच्या घोड्यापुढे गाणं सुरू झालं की ते कागदाकडे बघत नसत, लोकांच्या पायांकडे बघत. नाचणारे रंगात आले की हाताची दोन बोटं वर करायची. म्हणजे अंतरा पुन्हा घ्या. रंग उतरायला लागला की मूठ. मूठ दिसली की साइड ड्रमवाला रोल देणार आणि गाणं बंद. एकच गाणं कधी दोन मिनिटांत संपायचं, कधी पंधरा मिनिटं चालायचं. क्लॅरनेटची पत्ती तोंडात भिजवत मी बाबांच्या बोटांवर नजर ठेवून उभा असायचो. आता मला सांग, स्टुडिओतल्या काचेमागून दोन बोटं कोण वर करणार? गोन्साल्विसला २७ आवर्तनं वाजवायची होती असं कुठं ठरलं होतं? समोरच्यांनी वाजवून घेतली. स्टुडिओत हा माणूस सहाव्या आवर्तनाला थांबला असता.

भाची : मान्य. पण मग एलिंग्टनची ती रेकॉर्ड १९५६ साली बाजारात आली, तिच्यात काय होतं ते पण बोला. त्या महोत्सवासाठी त्यांनी नवीन एक सुईट रचली होती. तालमी पुऱ्या झाल्या नव्हत्या, वाजवताना अडखळले. मग सोमवारी सगळा बँड स्टुडिओत नेला आणि ती पुन्हा वाजवून घेतली. निर्माते जॉर्ज अवाकियन. त्यांनी स्टुडिओतल्या वादनाला टाळ्या जोडल्या आणि ‘न्यूपोर्टमधील एलिंग्टन’ म्हणून विकली. लोकांनी चाळीस वर्षं त्या टाळ्या खऱ्या समजून ऐकल्या. तुमचं हे जिवंत संगीत, मामा, अर्धं स्टुडिओत शिजलंय.

मामा : सोलो तर खरं होतं ना?

भाची : सोलो खरं होतं, आणि तेच ऐकू येत नव्हतं! त्याला ऐकू आणलं कुणी? माझ्या धंद्यातल्या माणसांनी. व्हॉइस ऑफ अमेरिकाची टेप वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पडून होती. नव्वदच्या दशकात ती सापडली. फिल शॅप या माणसानं दोन्ही टेपा शेजारी शेजारी लावल्या. दोन यंत्रांचा वेग कधी तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे तुकड्या-तुकड्यानं जुळवत बसावं लागतं. एक टेप डावीकडे, दुसरी उजवीकडे. १९९९ साली नवी आवृत्ती निघाली. तिच्यात गोन्साल्विस पहिल्यांदा माणसासारखा समोर उभा राहून वाजवताना ऐकू येतो. आणि खोट्या टाळ्यांखाली दडलेला खरा कार्यक्रमही बाहेर आला, अडखळण्यासकट.

ही दुसरी आवृत्तीही मामांकडे आहे. ते दोन्ही ठेवतात, पण लावतात जुनीच. मला हे पटत नाही, आणि मी त्यांना तसं सांगितलं. १९५६ ची रेकॉर्ड गाजली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकानं एलिंग्टन यांना मुखपृष्ठावर घेतलं, बँड वाचला. ते श्रेय तिचंच. पण स्टुडिओत वाजवलेलं मैफलीत वाजवलं म्हणून सांगणं ही फसवणूक होती, आणि फसवणूक झालेल्या श्रोत्यांत मामाही आहेत. दुरुस्ती करायला हरकत नाही. केली ते कव्हरवर लिहायला हवं होतं.

मामांनी मग बेनी गुडमन यांचा विषय काढला. ते त्यांचं हुकमाचं पान.

मामा : १६ जानेवारी १९३८. न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल. जिथं सिंफनी वाजायची तिथं नाचाचा बँड नेऊन बसवला. स्टेजच्या वर एकच माईक टांगलेला. तार ओढून दूरच्या स्टुडिओत नेली आणि तिथं ॲसिटेटच्या तबकड्यांवर कोरून घेतलं. तबकड्या मग कपाटात पडून. १९५० साली रेकॉर्ड निघाली ती जगभर खपली. एक माईक, बाई! शेवटी ते बारा मिनिटांचं ‘सिंग, सिंग, सिंग’ चालू आहे, सगळे दमलेत, आणि पियानोवाला जेस स्टेसी मधेच सूर लावतो. ठरलेलं नव्हतं. बँड गप्प होतो. अख्खं सभागृह गप्प होतं. दोन मिनिटं त्याचाच पियानो, हळू, देवळात वाजवल्यासारखा. तुझ्या चोवीस ट्रॅकांत हे कुठं बसवशील?

भाची : कुठेही बसवीन. तो माईक नीट जागी टांगला होता म्हणून तुम्हाला स्टेसी ऐकू आला. एक माईक लावणं हे सगळ्यात कठीण काम आहे. आवाज एक मीटर जायला तीन मिलिसेकंद घेतो. मागच्या रांगेतला ट्रम्पेट पुढच्या सॅक्सोफोनपेक्षा किती उशिरा पोचणार, कोण किती जोरात वाजवणार, हे सगळं आधी बसवावं लागतं, कारण नंतर हात लावता येत नाही. ज्यानं तो टांगला त्याला मी दंडवत घालते. पण तुम्ही त्याला दैवयोग म्हणता, मी काम म्हणते.

मामा हसले, आणि माझ्या मते इथं त्यांचं भांडण खऱ्या मुद्द्यावर आलं. कारण त्यांचं पुढचं बोलणं अमेरिकेबद्दल नव्हतं.

मामा : बरं, काम म्हण. पण ते काम आपल्याकडे कुणी केलं नाही. १९३५ साली लिऑन ॲबे आपला काळ्या वादकांचा बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. मग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड. त्यांच्या शेजारी बसून आपली गोव्याची पोरं शिकली. चर्चच्या शाळेत स्वरलिपी वाचायला शिकलेलीच होती, त्यात हा नवा ठेका. १९३९ पासून वीसेक वर्षं ताजमध्ये मिकी कोरियांचा बँड होता. वीस वर्षं, बाई, रात्री-रात्री! त्यातलं आपल्या हाती काय उरलं? तीन-तीन मिनिटांच्या थोड्या तबकड्या, त्याही स्टुडिओतल्या. रात्र कुणी पकडून ठेवली नाही.

भाची : आणि ती पकडली असती तरी तुमच्या बाबांना ऐकायला कुणी बोलावलं असतं?

हा प्रश्न तिनं शांतपणे विचारला. मामा क्षणभर थांबले. मग त्यांनी जे सांगितलं ते मला या सगळ्या बोलण्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

मामा : नसतं बोलावलं. ताजच्या दाराशीही उभं केलं नसतं. पण ते संगीत आमच्यापर्यंत आलंच. सी. रामचंद्र म्हणजे आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. त्यांनी हॉटेलांतल्या बँडचे वादक सिनेमात आणले. आल्दोन्याचा आंतोनियो झेवियर वाझ, ज्याला सगळे चिक चॉकलेट म्हणायचे आणि हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखायचे, तो त्यांच्याबरोबर होता. १९५१ साली भगवानदादांचा ‘अलबेला’ आला, त्यात त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. तो सिनेमा तंबूत बघून बाबांनी त्यातली गाणी क्लॅरनेटवर बसवली आणि आमच्या खेड्यापाड्यांच्या वरातींत वाजवली. न्यू ऑर्लिन्सचा ट्रम्पेट ताजमध्ये, ताजमधून ताडदेवच्या स्टुडिओत, तिथून तंबूत आणि तंबूतून शेतातल्या मांडवात. बाबांना एलिंग्टनचं नाव माहीत नव्हतं. ट्रम्पेटची ती वर चढत जाणारी फेक मात्र आमच्या ट्रम्पेटवाल्याला बरोबर यायची.

भाची : मग तुम्हीच माझा मुद्दा मांडलात. तुमच्यापर्यंत आलं ते स्टुडिओ रेकॉर्डिंगमधून. मैफल ताजमध्येच राहिली. साडेतीन मिनिटांची फीत गावोगाव फिरली.

तिचं म्हणणं खरं आहे. मला त्यात एकच भर घालायची आहे. त्या काळचं स्टुडिओ रेकॉर्डिंग म्हणजे आजचं नव्हे. ताडदेवच्या फेमस स्टुडिओत मिनू कात्रक ध्वनिमुद्रण करत तेव्हा गायक-गायिका, व्हायोलिनवाले, ट्रम्पेट, ढोलक, सगळे एका खोलीत एका वेळी वाजवत. कुणाचा एक सूर हुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. सॅबेस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड अशा गोव्याच्या अरेंजरांनी लिहिलेले कागद स्टँडवर असत. लिहिलेलं सगळ्यांनी एकत्र जिवंत करायचं, आणि ते एकदाच. समोर प्रेक्षक नव्हते, तरी साठ माणसं एकमेकांचं ऐकत होती. त्या गाण्यांत आजही जो जोर जाणवतो तो मला तिथून आलेला वाटतो. याच अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात भारतीय वादकांचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. भारतीय राग, पाश्चात्त्य वाद्यवृंद, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. स्टुडिओत नाव न छापता राबणारा माणूस एका संध्याकाळी स्टेजवर स्वतःच्या नावानं उभा राहिला.

भाची हे ऐकत होती. ती म्हणाली, आज तसं होत नाही.

भाची : माझ्याकडे ट्रम्पेटवाला एकटा येतो. कानाला हेडफोन, त्यात टिकटिक ठेका. पहिला ट्रम्पेट वाजवतो, मग दुसरा, मग तिसरा, चौथा. चारही तोच. बेसूर झाला तर मी मशीनवर ओढून घेते. ऐकायला स्वच्छ येतं. निर्मात्याचे तीन माणसांचे पैसे वाचतात. मी रोज हेच करते, आणि चांगलं करते.

मामा : तो बँड झाला का?

भाची : नाही. बँड नाही झाला. चार माणसं असली की एक जण किंचित आधी सुरू होतो, एक उशिरा, प्रत्येकाचा श्वास वेगळा. ते चौघं मिळून जे भरीव होतं ते एका माणसाच्या चार प्रतींतून येत नाही. हे मला मशीनवर रेषांमध्ये दिसतं, मामा, तुम्ही नुसतं कानानं ओळखता. पण लाइव्ह रेकॉर्डिंग आपोआप खरं होतं, हे मी मानणार नाही. नीट केलेलं लाइव्ह रेकॉर्डिंग खरं होतं.

मामा : आणि ती तीन माणसं? ज्यांचे पैसे वाचले?

त्यावर ती काही बोलली नाही. मी बोलतो. शहापूर आणि मुरबाड तालुक्यात लग्नसराईत आता हळदीच्या रात्री बेंजो पार्टी असते नाहीतर डीजे. बेंजोला कमी माणसं पुरतात. टाइपरायटरसारख्या बटणांचा बेंजो, कीबोर्ड, ऑक्टापॅड, ढोल. त्यातली मुलं हुशार आहेत आणि लोकांच्या पायांकडे बघून गाणं लांबवायची मामांच्या बाबांची विद्या त्यांनीही उचलली आहे, म्हणून मी बेंजोला नावं ठेवणार नाही. पण पंधरा-वीस जणांचा ब्रास बँड सांगणारी घरं कमी होत चालली. क्लॅरनेट, ट्रम्पेट, युफोनियम एकत्र फुंकणारी माणसं म्हातारी होतायत आणि नवीन पोरगा क्लॅरनेट हातात धरत नाही, कारण त्यावर पोट भरणार नाही हे त्याला दिसतं. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं मुंबईतल्या हॉटेलांची रात्र मंदावली आणि तिथले वादक सिनेमाच्या स्टुडिओंत गेले. त्यांना जायला एक जागा होती. आमच्या तालुक्यातल्या वादकांना तशी जागा नाही. ते वीटभट्टीवर जातात, रिक्षा चालवतात, भिवंडीच्या गोदामांत जातात.

एलिंग्टन स्वतः १९६३ साली आपला ऑर्केस्ट्रा घेऊन भारतात आले होते. अमेरिकी सरकारनं काढलेला दौरा होता, मुंबईतही कार्यक्रम झाले. नोव्हेंबरात केनेडींचा खून झाला आणि दौरा अर्ध्यावर थांबला. त्या प्रवासातून पुढे ‘फार ईस्ट सुईट’ झाली. ती डिसेंबर १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली. मामांना ती फारशी आवडत नाही, भाचीला अतिशय आवडते. तिचं म्हणणं असं की दिल्लीत ऐकलेल्या पाखराची शीळ क्लॅरनेटवर इतकी जवळून फक्त शांत खोलीतच घेता येते. मामा यावर गप्प राहिले. क्लॅरनेट त्यांचं स्वतःचं वाद्य, तेव्हा ही गोष्ट त्यांना आतून पटली असावी, असं मला वाटतं.

मामांनी पहिला मोठा जॅझ कार्यक्रम ऐकला तो धोबी तलावच्या रंगभवनात. निरंजन झवेरींनी १९७८ साली तिथं जॅझ यात्रा सुरू केली. व्हीटीपासून चालत जायचं अंतर, उघडं आकाश, आणि कार्यक्रम संपायच्या आत उठलं तरच कसाऱ्याची शेवटची गाडी मिळायची. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात रंगभवन बंद झालं. बाजूला इस्पितळं आणि कॉलेज, त्यामुळे नियमाला धरून झालं ते चूक म्हणवत नाही. पण मोठ्या बँडला उघड्यावर परवडणाऱ्या तिकिटात वाजवता येईल अशी जागा शहरातून गेली, आणि तिची भरपाई कुणी केली नाही.

शेवटी बोलणं आपल्या गावावर आलंच. तालुक्यात अजून वाजवत असलेल्या एखाद्या ब्रास बँडचं नीट रेकॉर्डिंग करायचं, हे दोघांनी मान्य केलं. कसं करायचं यावर पुन्हा वाद.

मामा : वरातीत करायचं. चालत्या वरातीत. लोक नाचतायत, फटाके वाजतायत, मालगाडीचा भोंगा मधेच येतोय. तोच तर आमचा कार्नेगी हॉल.

भाची : चालत्या बँडचं मला एक मिनिटही धड मिळणार नाही. ढोल सगळं गिळून टाकेल, युफोनियम कुणाला ऐकूच येणार नाही. शाळेच्या हॉलमध्ये बसवू, पावसाळा संपल्यावर. खिडक्यांना गोधड्या लावू. प्रत्येक रांगेला एक माईक.

मामा : गोधड्या लावलेल्या खोलीत माझे बाबा वाजवू शकले नसते.

भाची : मग ऐकणारी माणसं बोलवा. पन्नास माणसं बसवा समोर. नाचू दे त्यांना. मी त्यांच्यासाठीही दोन माईक लावते.

यावर मामांकडे उत्तर नव्हतं, आणि त्यांना ते नको होतं असंही दिसलं. त्यांनी लगेच कोण कोण वाद्य घेऊन येऊ शकेल याची नावं मोजायला सुरुवात केली.

माझा कौल मी देतो. समोर माणसं असली पाहिजेत, कारण त्याशिवाय बँडमास्तर दोन बोटं वर करणार नाही. आणि माईक भाचीनंच लावले पाहिजेत, कारण न्यूपोर्टला पॉल गोन्साल्विसचं झालं ते आपल्या क्लॅरनेटवाल्याचं होऊ नये. मूळ रेकॉर्डिंगची एक प्रत अजिबात हात न लावता ठेवायची. दुसरी प्रत हवी तितकी साफ करावी, पण काय साफ केलं, काय पुन्हा वाजवून घेतलं, ते शेजारी लिहून ठेवायचं. प्रत्येक वादकाचं नाव, गाव आणि वाद्य लिहायचं. सिनेमाच्या स्टुडिओत राबलेल्या गोव्याच्या वादकांची नावं रेकॉर्डच्या चकतीवर सहसा आली नाहीत. नरेश फर्नांडिस यांना २०१२ च्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकासाठी ती जुने फोटो, तबकड्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींतून गोळा करावी लागली. आणि वादकांना त्या दिवसाची पुरी बिदागी द्यायची, कारण तेही त्यांचं काम आहे.

तुमच्या गावात, वासिंदला, किन्हवलीला, सरळगावला, टोकावड्याला, कुठंही एखादा ब्रास बँड अजून वाजत असेल तर पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर, त्यांच्या सुपाऱ्या भरायच्या आत, त्यांना एक संध्याकाळ मागा. चांगला माईक मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर घरातला मोबाइल बँडसमोर छातीएवढ्या उंचीवर, ढोलापासून लांब आणि क्लॅरनेटच्या बाजूला ठेवा. गाणं संपल्यावर लगेच बंद करू नका. बँडमास्तरला त्याचं नाव विचारा, मग एकेकाला, आणि ती नावं त्यांच्याच आवाजात त्याच रेकॉर्डिंगमध्ये येऊ द्या.